तनूच्या होस्टेलबद्दल, आई-अण्णांना

कोल्हापूर

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला होता. तनूचा प्रवेश पक्का झाला, पण घरात होस्टेलवरून धुसफूस चाललीय म्हणाला. अण्णांचं म्हणणं, गडहिंग्लजहून एसटीनं रोज ये-जा करू दे. आईचं म्हणणं, आत्या आहेच की कोल्हापुरात, तिच्याकडं राहील. हे फोनवर बोलायला गेलं की अण्णांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मधेच डोळ्यांना पदर लावते. म्हणून लिहायला बसले.

आधी ये-जा करण्याचं बोलू. एका बाजूला दोन तास, तेही गाडी वेळेवर लागली तर. अशी ये-जा करणाऱ्या पोरी माझ्या वर्गात आहेत. सकाळी पोटात फक्त चहा, पहिल्या तासाला डुलक्या, आणि प्रॅक्टिकल लांबलं की सगळं लक्ष घड्याळाकडं. अण्णा, तुम्हाला तिच्या सुरक्षिततेची काळजी, मग अंधार पडल्यावर स्टँडवर गाडीची वाट बघत उभी राहिलेली तनू तुम्हाला चालेल का?

माझ्याकडं राहण्याचं म्हणाल, तर मी आमच्या कॉलेजच्या होस्टेलची रेक्टर, राहते त्याच आवारात. तिथं ठेवली तर आत्याच रेक्टर मॅडम! मग पोरगी मला काय सांगणार? ताप आला तरी लपवेल. तिच्या कॉलेजचं होस्टेल वेगळं आहे, ते मी आतून बघून आले. गेट वेळेवर बंद होतं, वॉचमन रात्रभर जागा असतो, रजिस्टर आहे, कॅमेरे आहेत. मुख्य म्हणजे पाण्याची टाकी धुतल्याची तारीख तिथं खडूनं लिहिलेली होती. ती मी आधी बघते. पावसाळ्यात होस्टेल आजारी पडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं आणि डासांनी.

पण इतकी वर्षं हे काम करून एक गोष्ट मला पक्की कळलीय. गेट आणि कॅमेऱ्यांनी पोरी जेवढ्या सुरक्षित राहतात, त्याच्यापेक्षा जास्त राहतात त्या वेळेत तोंड उघडल्यानं. आणि तोंड त्या उघडत नाहीत ते घरच्यांच्या भीतीनं.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगी तापाच्या गोळ्या खाऊन रोज लेक्चरला जात होती. मेसमध्ये ताट पुढं घेऊन नुसती बसायची. कपाळाला हात लावला तर चटका बसला. त्याच रात्री सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर डेंगी. प्लेटलेट उतरल्या होत्या. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणते, "घरी कळलं तर गणपतीला गेल्यावर परत पाठवणार नाहीत."

दुसरी एक. क्लासवरून येताना एक पोरगा बाइकवरून रोज मागं यायचा. तिनं रस्ता बदलला, मग वेळ बदलली, शेवटी क्लासच बंद केला. खोलीतल्या मैत्रिणीनं मला सांगितलं म्हणून कळलं. आम्ही 112 ला फोन केला, पोलीस आले, पोराला त्यांच्या भाषेत समजावलं, विषय संपला. पण ती मला काय म्हणाली ऐका, "मॅडम, त्याला कोण काय म्हणणार नाही. शिक्षण माझंच बंद होईल."

अण्णा, ती चुकीचं बोलली नव्हती. आपल्या भागात असंच होतं. पोरीला त्रास झाला की पहिलं वाक्य निघतं, "बास झालं शिक्षण, घरी ये." त्रास देणारा मोकळा आणि शिक्षा तिला. आणि हे पोरींना आधीच ठाऊक असतं, म्हणून त्या गप्प बसतात.

तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. तनू निघायच्या आधी तिला समोर बसवा आणि तुमच्या तोंडानं सांगा, काही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही, काय असेल ते सांगत जा. दादानं सांगून तिला पटणार नाही, कारण दादाचा निर्णय तुम्ही फिरवू शकता हे तिनं लहानपणापासून बघितलंय. तुम्ही सांगितलंत की त्यावर कुणी बोलणार नाही.

तुम्ही स्वतः दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगात राहून शिकलात. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, ती खेड्यातल्या पोरांना कोल्हापुरात टेकायला जागा मिळावी म्हणूनच ना? तुम्हाला बोर्डिंगात खरूज झाली होती, तेव्हा आजोबांनी गावाकडं ओढून नेलं नव्हतं. मलम पाठवलं होतं. हे तुम्हीच सांगता, दर दिवाळीला.

रॅगिंगचं आईनं विचारलं होतं. दरवर्षी विद्यार्थ्याकडून आणि पालकांकडून हमीपत्र भरून घेतात, दादाला मोबाइलवर ते भरावं लागेल. आपल्या राज्यात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दोषी ठरलेल्याला काढून टाकलं की पुढं पाच वर्षं दुसरीकडं कुठं प्रवेश नाही. तक्रार आली की प्राचार्यांना सात दिवसांत चौकशी करावीच लागते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, हेल्पलाइनही आहे, 1800-180-5522. बाईमाणसाला होणाऱ्या त्रासासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असते, तिची अध्यक्ष बाईच असते. तक्रार करणारीचं नाव बाहेर फुटता कामा नये असा नियम आहे. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत द्यायची. हे पोरींना माहीत नसतं आणि त्या परीक्षा होऊ दे, सुट्टी होऊ दे करत बसतात.

आई, आता तुझ्याशी. समुपदेशकाचं नाव काढलं तेव्हा तू म्हणालीस, "आपल्या घरात कुणी येडं न्हाई." आमच्याकडं सुरुवातीला समुपदेशकांची खोली ऑफिसच्या शेजारी होती, दारावर हा मोठा बोर्ड. काळं कुत्रं फिरकत नव्हतं. कोण आत जातंय हे फी भरायला आलेली अख्खी रांग बघणार! मग खोली लायब्ररीच्या मागच्या बाजूला हलवली, बोर्ड काढला. आता वेळ घेऊन यावं लागतं. येणाऱ्या कुणी येड्या नसतात. बारावीला पहिली आलेली पोरगी इथं पहिल्या चाचणीत नापास होते आणि घरी सांगू कसं म्हणून रात्रभर जागी राहते. कुणाला नुसती घरची आठवण येते. सुप्रीम कोर्टानं 2025 च्या जुलैमध्ये सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक पाहिजेच. एवढा देशभरचा प्रश्न आहे. आणि रात्री दोन वाजता कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 वर टेली मानस आहे, सरकारी आणि फुकट, मराठीतही बोलतात. हा नंबर तनूच्या फोनमध्ये मी घालून देणार आहे. दादानंही घालून घ्यावा, कारखान्याकडं उसाचं बिल थकलं की त्याची झोप उडते ते मला वहिनीनं सांगितलंय.

खाण्याचं मात्र तुझ्यावर सोडते. आमच्याकडं शिबिरात रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त पोरींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली. अंगानं भरलेल्या पोरींचंसुद्धा! सकाळी बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री मेसची भाजी आवडली नाही म्हणून नूडल्स. तनूला सांग, जेवणावर लगेच चहा ढोसायचा नाही, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आमटीवर लिंबू पिळायचं, मोड आलेलं कडधान्य ताटात आलं तर बाजूला सारायचं नाही. तू डबा भरून लाडू देणारच, पण त्यात शेंगदाणे, तीळ आणि अळीव जास्त घाल, साखर कमी. आणि फोन केलास की "अभ्यास झाला का" हे शेवटी विचार. आधी जेवलीस का, झोपलीस का, कुणाबरोबर जेवलीस. एकटीच जेवते म्हणाली की मला कळव.

तिच्या दम्याचा पंप एक तिच्याजवळ आणि एक खोलीत ठेवायचा. कुठं ठेवलाय ते खोलीतल्या पोरींना आणि तिथल्या रेक्टरना पहिल्याच दिवशी सांगायचं, लाजायचं नाही. उसाच्या हंगामात इकडं धूर असतो, त्या दिवसांत तिला त्रास होईल. डॉक्टरांची चिठ्ठी, रक्तगटाचा कागद, आधारची झेरॉक्स हे सगळं दादाला एका फाइलला लावायला सांगा.

सोडायला सगळे रविवारी या, गुरुवारी नको. गुरुवारी मला परीक्षेची ड्यूटी आहे. अण्णांनी जुना चष्मा बरोबर आणावा, सोमवारी डोळे दाखवून घेऊ. आईची बीपीची गोळी संपत आली असेल तर तिथंच घ्या, इथं येईपर्यंत थांबू नका. वहिनीला आणि दादाला नमस्कार, तनूला आशीर्वाद.

तुमची,
माई