शिंकांची गोळी आणि रात्रीची स्वप्नं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीची साफसफाई झाली, माळ्यावरचं मखर खाली काढताना मला दरवर्षीसारख्या लागोपाठ वीसेक शिंका, डोळे लाल, नाक बंद, आणि काकीचा ठरलेला डायलॉग, "काम इला काय हिका शिंका येतत." सगळे हसले, मी पण हसले आणि मग मागल्या दारी जाऊन रडले. वय 23, शिंकांवरून रडते म्हणजे काय हो, सांगणार कुणाला.

आपल्याकडे जूनपासून भिंतींना ओल, गाद्यांना वास, कपाटातल्या साड्यांवर बुरशी. अशा दमट हवेत गादी-उशीत डस्ट माइट म्हणजे धुळीतले बारीक किडे वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्याच कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेने अ‍ॅलर्जी उठते. (त्यांच्यातल्या एका प्रोटीनसारखंच प्रोटीन कोळंबीत असतं, त्यामुळे काहींना कोळंबीपण सोसत नाही, आणि सिंधुदुर्गात कोळंबी नको म्हणणारी मुलगी म्हणजे तर संपलंच!) रात्रभर नाक बंद म्हणजे झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडले की "हिच्या लग्नाचं बघा आता".

पण मला सांगायचंय ते गोळीबद्दल. गेल्या पावसात डॉक्टरांनी मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची एकत्र गोळी लिहून दिली, ती संपली की मेडिकलवाला जुनी चिठ्ठी न बघताच पुढचं पाकीट द्यायचा, मी चार महिने खाल्ली. नाक मोकळं झालं, पण रात्री घाणेरडी स्वप्नं, दचकून उठायचे, दिवसा कशात रस नाही, उगाच भीती. आईने दृष्ट काढली. शेवटी फार्मसी करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, गोळी कुठली घेतेस? मॉन्टेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचारसुद्धा येऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मार्च 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आणि साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीला दुसरं औषध चालत नसेल तरच ही द्या असं सांगितलं. मला हे कुणीच बोललं नव्हतं.

सगळ्यांना असं होत नाही, दम्याच्या कितीतरी पेशंटना तिचा उपयोग होतो, तेव्हा हे वाचून कुणी गोळी फेकून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. मला त्यांनी गोळीऐवजी नाकातला स्प्रे दिला आणि दोन-तीन आठवड्यांत स्वप्नं थांबली. गोळीचंच होतं की झोपेचं, छातीठोक नाही सांगता येत. पण नाक तपासताना "झोप लागते का गो, मन कसं आहे" एवढं विचारायला किती वेळ लागतो? आणि मेडिकलवाल्यांनी पण पाकीट देताना दोन शब्द बोलावेत ना. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

छापलंत तर काकीला वाचून दाखवीन. फक्त नाव घालू नका, गाव लहान आहे आणि स्थळं बघणं चालू आहे.

एक वाचक, कुडाळ