पसरणी घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे मला. चष्मा गॅरेजात आणि मोबाइल नातीकडे, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा नातीला विनंती, की जरा मोठ्याने वाच. आजोबा मध्येच बोलायला लागले तर थांब. ते बोलणारच.

मी ती हिरव्या पद्मिनीवाली ताई. मागच्या नोव्हेंबरात पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावरून गाडी उलटी फिरवून वाईत आले होते. इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत होता आणि माझ्या पोटात गोळा. गाडी १९८४ ची, बाबांची. ते गेल्यावर तीन वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात होती. भाऊ म्हणाला, भंगारात घाल. मी ऐकलं नाही आणि पुढच्या वर्षभरात भावाचं कसं बरोबर होतं हे मला तीन गॅरेजांनी पटवून दिलं.

पहिल्याने पिकअप नाही म्हणून डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) फिरवून टाइमिंग पुढे केलं, म्हणजे ठिणगी आधी पडेल असं. पिकअप आला, सोबत हा आवाजही आला. दुसऱ्याने आवाजावर उपाय म्हणून टाइमिंग पार मागे घेतलं. आवाज गेला, पण गाडीतला जीवही गेला आणि कात्रज चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला. मग पुन्हा थोडं पुढे. तिसऱ्याने बॉनेटही पूर्ण न उघडता सांगितलं, "हेड खोलावं लागेल, इंजिनकाम निघेल," आणि चाळीस हजारांचा आकडा. अधूनमधून भेटेल तो सांगायचा, महागातलं पेट्रोल भर. तेही भरलं. आवाज थोडा दबला, पण गेला नाही.

वाईत चहाच्या टपरीवाल्याने तुमच्याकडे पाठवलं. "मुंबईत काळ्या-पिवळ्या बांधायचे," एवढीच ओळख. तुम्ही गाडीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कुठल्या गिअरला वाजती?" मी अवाक् झाले. वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, तिसऱ्यात, चढाला, ॲक्सिलरेटर अर्धा दाबला की. "आन सपाटीला?" नाही. "गार असताना?" नाही. "चला," म्हणालात, आणि पाना न उचलता शेजारच्या सीटवर येऊन बसलात.

घाटात डोंगराची बाजू आली की तुम्ही काच खाली करायला लावत होता. आवाज कड्यावर आपटून परत येतो, तो नीट ऐकू येतो म्हणून. मला हे अजून मजेशीर वाटतं. तुम्ही डोळे मिटून बसला होता आणि मला वाटत होतं, म्हातारा झोपला की काय. मग एकदम म्हणालात, "घुंगरू वाजतंय. बेरिंग न्हाय, पिस्टन न्हाय. घुंगरू." आणि हात पुढे करून चोकची दांडी बोटभर ओढलीत.

आवाज थांबला. चोक आत ढकललात, आवाज परत. पुन्हा ओढलात, पुन्हा गप्प. त्या तीन मिनिटांसाठी मी हे पत्र लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त, हे मला शाळकरी मुलीइतकं माहीत होतं. पण त्याने चालत्या गाडीत, एक रुपया खर्च न करता, निदान होतं हे माहीत नव्हतं. "हिला प्यायला कमी पडतंय," तुम्ही म्हणालात. "आन सगळे हिच्या आगीला बोल लावत बसले."

खाली येऊन तुम्ही प्लग काढलेत. खडूसारखे पांढरे. बिस्किटाच्या रंगाचे हवेत, हे तुम्ही खऱ्या बिस्किटाशी लावून दाखवलंत आणि मग ते बिस्किट चहात बुडवून खाल्लंत.

नॉकिंग, म्हणजे हे घुंगरू, काय असतं ते तुम्ही होळीवरून समजावलंत, आणि मी आता ते भेटेल त्याला सांगते. होळी एका बाजूने पेटवली की आग सावकाश पलीकडे जाते, सगळं रीतसर. पण पलीकडची पोरं वाट न बघता आपलीच काडी लावून मोकळी झाली, तर दोन्हीकडून भडका उठतो. सिलिंडरातही ठिणगी पडल्यावर आग सरकत जायला हवी. कोपऱ्यातलं मिश्रण तापून, दाबून आपसूकच पेटलं, की ते घुंगरू. ठिणगी फार आधी पडली, मिश्रणात पेट्रोल कमी असलं, इंजिन तापलं, आत कार्बन साठला, किंवा पेट्रोलच हलकं असलं, की पोरं काडी लावणार. माझ्या गाडीत यातली दोन कारणं सख्ख्या बहिणींसारखी हात धरून होती.

नंतरची दुपार मला अख्खी आठवते. तुम्ही म्हणालात, "ताई, हात काळे व्हायला नको असतील तर गणपतीला जाऊन या." मी ढोल्या गणपतीला गेले नाही. (नंतर गेले.) चालत्या इंजिनवर ब्रशने कार्बोरेटरच्या बुडाभोवती तेल लावलंत, आणि अडखळणारं रनिंग (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) क्षणभर सरळ झालं. म्हणजे तिथून हवा घेत होतं. नट आवळून आवळून बूड वाकलं होतं. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून ते सोलेक्स कार्बोरेटरचं बूड माझ्याकडून घासून घेतलंत, सव्वा तास, इंग्रजी आठच्या आकड्यात. मध्ये दोनदा उजेडात धरून बघितलंत आणि दोनदा परत दिलंत. नवीन पॅकिंग तुम्हीच कात्रीने कापलंत.

मग जेट, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी चकती. त्यावरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, हे मला तेव्हा कळलं. भिंग लावून वाचलंत आणि गप्प झालात. "हा हिचा न्हाय. दहानं बारीक हाय. कुणी घातला?" मी म्हटलं, गॅरेजवाल्यांपैकी कुणीतरी. तुम्ही मान हलवलीत. "हा जुना हाय."

डायरी मला तेव्हा आठवली. डॅशबोर्डच्या खणात बाबांची पेट्रोलची डायरी होती, तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं निळ्या शाईत. तुमच्या बाकड्यावर बसून पानं उलटली. नोव्हेंबर १९९०, आखाताचं प्रकरण पेटून पेट्रोल महागलं होतं तेव्हाचं पान: "जेट बदलून घेतला. ॲव्हरेज पाहणे." पुढच्या पानांवर आकडे एक-दीडने वाढलेले, आणि एका आकड्याखाली दोन रेघा.

तुम्ही ते वाचून हसलात. मला हसू येईना. मग तुम्ही बाबांची बाजू घेतलीत. म्हणालात, तेव्हा चाललं, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते पोरांना काडी लावू देत नसे. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. तरीही बाबा शहरात, सपाटीला, जपून चालवायचे, म्हणून निभावलं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के एथेनॉल. गंमत अशी की एथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे आपसूक न पेटण्याची ताकद, वाढतो, म्हणजे आवाज उलट कमी व्हायला हवा. पण ते आपला ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. नवी गाडी सेन्सरने हिशोब जुळवते, आपल्या कार्बोरेटरला जेटचं भोक तेवढंच माहीत. आधीच बारीक जेट, त्यात एथेनॉल, त्यात बुडातून हवा. पिकअप मेला म्हणून टाइमिंग पुढे, आणि मग घुंगरू. तीन गॅरेजं या दोऱ्याच्या शेवटच्या गाठीशी खेळत बसली होती.

तुम्ही पानपरागचा जुना डबा काढलात. भंगारात गेलेल्या टॅक्सींचे जेट, तीसेक तरी. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली, तेव्हा पेपरांत केवढे फोटो आले होते. त्यातल्या कुणाचा तरी जेट आता माझ्या गाडीत आहे. कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्मलेल्या दोघी, म्हटलं तर रक्तदानच.

उरलेलं पटकन झालं. डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप, हँडलने इंजिन फिरवत बल्ब लावून टाइमिंग, पुलीच्या खुणेवर, ना पुढे ना मागे. जेट साफ करताना मी तार उचलली तेव्हा माझ्या हातावर चापट मारलीत. भोक मोठं होतं म्हणून फुंकरच मारायची, हे आता जन्मात विसरणार नाही. शेवटी मिश्रणाचा स्क्रू. हलकेच आत टेकवून दीड आटा बाहेर, मग रनिंग सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं, रेसच्या स्क्रूने खाली आणायचं, पुन्हा तेच. स्क्रूड्रायव्हर तुम्ही माझ्या हातात दिलात आणि पाठ करून उभे राहिलात. "कानानं करा. मी बगत न्हाय."

साडेतीनशे रुपये घेतलेत. पाचशेची नोट दिली तर सुटे आणायला नातीला पळवलंत. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मागच्या रविवारी पसरणी चढले. तिसऱ्या वळणाला दुसरा गिअर टाकला, तुमची ताकीद होती म्हणून, आणि डोंगराची काच खाली केली. नुसता इंजिनाचा घुमारा. पाचगणीत प्लग काढून पाहिले. मारी नाही, जरा पार्लेकडे झुकतात. ॲव्हरेज साडेअकरावर आलं आहे, बाबांच्या डायरीत मी तसं लिहिलं, त्यांचा जेट त्याच पानाला सेलोटेपने चिकटवला.

एकच तक्रार: सकाळी गार असताना चोक आत केला की रनिंग पडतं, दोनदा बंद झाली. मी स्क्रूला हात लावलेला नाही. येत्या शनिवारी येते आहे, तोवर डबा कुणाला देऊ नका, आणि चहाचं मी बघते.

आपली,
हिरव्या पद्मिनीवाली ताई