मंत्रीसाहेब, बोर्ड राहू द्या, आठवड्याचा एक तास द्या

माननीय शिक्षणमंत्री साहेब,

स.न.वि.वि.

हे पत्र खरं तर तुमची घोषणा ऐकली त्याच रात्री लिहायला घेतलं होतं, पण मध्ये पेपर तपासायचे आले आणि राहून गेलं. प्रत्येक वर्गात डिजिटल बोर्ड येणार आणि मुलं एंगेज होणार, असं तुम्ही म्हणालात. मी 17 वर्षं गणित शिकवतेय आणि माझ्या वर्गात असा बोर्ड कधीचा आहे. पहिल्या दिवशी मुलं डोळे विस्फारून बघत बसली, दुसऱ्या आठवड्यात तोही फळाच झाला. आलेख हलवून दाखवायचा असेल तर मस्त आहे, नाही म्हणत नाही. पण बोर्डाकडे बघणारं मूल आणि डोकं चालवणारं मूल दारातून सेमच दिसतं हो.

माझं पितळ कसं उघडं पडलं ते सांगते. एकदा स्टाफरूममधल्या माझ्या शेजारच्या मॅडमचा ऑफ तास होता, मीच म्हटलं या माझ्या वर्गात, मागे बसा, पण माझ्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. अपूर्णांकांचा तास होता, पटापट प्रश्न, पटापट उत्तरं, मी एकदम खूश. तास संपल्यावर त्यांनी वहीचं एक पान पुढे केलं, त्यावर बाकांचा नकाशा काढलेला, आणि जे मूल बोललं त्याच्या जागेवर एक रेघ. पुढच्या डावीकडच्या दोन बाकांवर रेघांची नुसती गर्दी आणि मागचा उजवा कोपरा अख्खा कोरा. खाली लिहिलं होतं, "प्रश्न विचारल्यावर तू थांबतच नाहीस गं."

राग आला, खोटं कशाला बोलू. मग शोधून वाचलं तर कळलं की हा आजार जुना आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, आणि ते थांबणं 3 सेकंदांच्या आसपास नेलं की उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. त्याला खर्च शून्य, फक्त वर्गात शांतता झाली की आपल्याला कसंतरीच होतं, ते सोसावं लागतं.

तर दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजत थांबले. प्रश्न अगदी साधा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पुढचे हात लगेच वर, मी तिकडे बघितलंच नाही. आणि त्या कोऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "चतुर्थांश, कारण चार मोठे ना." मी काही बोलायच्या आत अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या! तीन दिवस मी हेच शिकवत होते आणि रोज बरोबर उत्तर येत होतं, येणारच, कारण देणारी मुलं तीच चार. मग कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटल्या, एकीच्या तीन समान घड्या, दुसरीच्या चार, आणि शेजारी ठेवून बघा म्हटलं. तो मुलगा बराच वेळ पट्टीकडे बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, जास्त जणांत वाटलं की वाटा बारीक होतो." नंतर तुमच्या बोर्डावर एक प्रश्न टाकला आणि सगळ्यांना एकदमच कागदावर उत्तर लिहून वर धरायला लावलं. बोर्ड असा वापरला की चालतो, पण हे बोर्डासोबत आलेल्या माहितीपुस्तकात नव्हतं.

अशा गोष्टी अजून आहेत. रूथ बटलर या संशोधक बाईंचा 1988 मधला प्रयोग घ्या. काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली मुलं, दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काही फायदाच झाला नाही. (हे पालकसभेत सांगून बघितलं, मार्क कुठेयत एवढंच विचारलं गेलं.) आणि संगणकांचंच म्हणाल तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने 2015 मध्ये अहवाल काढला होता, शाळांच्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञान यात ठळक सुधारणा दिसली नाही असं त्यात आहे. तुमच्या खात्यात कुणीतरी तो वाचला असेलच.

आता तुम्ही म्हणाल प्रशिक्षणं घेतो की आम्ही. घेता ना! मोठा हॉल, पुढे पीपीटी, मागे आम्ही शंभर जण, "विद्यार्थ्यांना कृतिशील कसे करावे" यावर दिवसभर हाताची घडी घालून ऐकतो, सही करतो, ग्रुप फोटो काढतो. आणि वर्गात जे कुणी येतं ते तपासायला येतं, मग त्या दिवशी टाचण टकाटक आणि हुशार मुलं पुढे बसवलेली. त्यात कुणाचं काय सुधारणार, सांगा.

जपानमध्ये शिक्षक शंभरहून जास्त वर्षांपासून एक गोष्ट करतायत. चार-पाच जण मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलं काय करतायत ते टिपून घेतात आणि नंतर चर्चा त्या पाठाची होते, कुणाच्या लायकीची नाही. माझ्या मैत्रिणीने त्या पानावर जे केलं ते त्यातलंच छोटं रूप, पण ते तिच्या ऑफ तासात झालं आणि तो तास सहसा माहिती भरण्यात जातो. आज दुपारपर्यंत ही माहिती, उद्या सकाळी तीच दुसऱ्या फॉर्मेटमध्ये.

म्हणून मागणी एकच आहे. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातून एक तास वेळापत्रकातच द्या, दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायला आणि नंतर त्यावर बोलायला. त्याचा अहवाल मागू नका, फोटो अपलोड करायला लावू नका, त्याला मार्क देऊ नका, नाहीतर दोन महिन्यांत तोही कागदावरचा तास होईल. मुलांचे तास बुडतील म्हणून काळजी असेल तर आमच्याकडच्या नोंदवह्या आणि ऑनलाइन फॉर्म एकदा एका टेबलावर मांडून बघा, त्यातले निम्मे काढले तरी वेळ निघेल. कुठला तास घ्यायचा ते आम्ही शाळेत बसून ठरवू, तुमच्या ऑफिसने फक्त त्या तासाला "अतितातडीचे" असा मेसेज टाकू नये.

आपली,
गणिताची एक शिक्षिका