प्ले थेरपीला वेळ द्या

वर्गात मारामारी करणाऱ्या किंवा महिनोन्‌महिने गप्प राहणाऱ्या मुलासाठी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मनावर केला जाणारा उपचार, सुचवली, की पालकांकडून ‘खेळतो तर घरीही’ असं उत्तर येतं. शिक्षिका म्हणून मला याचं फार वाईट वाटतं. मोठी माणसं दुःख बोलून दाखवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढे शब्दच नसतात. ते बाहुलीला कोंडून ठेवतं, वाळूत घर पुरतं, पुन्हा उकरून काढतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या उपचाराची आठ तत्त्वं मांडली. मूल आहे तसं स्वीकारायचं, घाई करायची नाही, वाट त्यानंच दाखवायची. मर्यादा मोजक्याच, पण पक्क्या. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही. राग मातीच्या गोळ्यावर खुशाल काढावा.

पालकांना कळकळीची विनंती आहे. सत्र संपल्यावर ‘आज काय केलंस, काय सांगितलंस?’ अशी उलटतपासणी घेऊ नका. तो वेळ मुलाचा असतो. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून थांबवूही नका. विश्वास बसायलाच तेवढे दिवस जातात. आणि शाळांनी अशा मुलांचा खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेणं आधी बंद करावं.

– एक शिक्षिका