पुराच्या काळातले फॉरवर्ड : सर्व सभासदांस सूचना

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी वाढू लागली की "राधानगरी धरणाचे दरवाजे रात्री मुद्दाम उघडले" हा मेसेज ग्रुपवर हमखास येतो. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. रात्र-दिवस त्यांना कळत नाही!

दरवाजे उघडले, नंतर पाणी चढलं, म्हणजे कुणाचा तरी डाव, हा शुद्ध काकतालीय न्याय, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दोन्हींमागे पाऊस एकच असतो. "मग बातम्यांत का नाही? दाबलं असणार!" हा त्याहून अवघड प्रकार, पुरावा नसणं हाच पुरावा ठरला की वाद संपतच नाही. "खोटं असेल तर सिद्ध करा" असंही कुणी म्हणू नये. दावा ज्याचा, पुरावा त्याचा.

पाठवण्याआधी तारीख बघा, २०१९ चे व्हिडिओ अजून फिरतात. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो किमान पाच हात फिरून आलाय. पातळी टाकताना ती जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याचं नाव, फूट-इंच आणि वेळ लिहा. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. नुसतं "पाणी लई वाढलंय" चालणार नाही.