गद्य म्हणजे कल्पनाशून्य नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील नाट्यपरीक्षणात संवाद, नेपथ्य आणि प्रेक्षक या तिघांनाही 'कल्पनाशून्य' ठरवले आहे. मुद्रितशोधनात हयात गेली म्हणून असेल, पण एकच विशेषण तिघांच्या अंगावर घातलेले खटकले.

नट तोंड उघडण्याआधीच वाक्य आपल्या ओठांवर येत असेल, तर ते साचेबंद. तोच सोफा, तीच खिडकी असेल, तर नेपथ्य ठोकळेबाज. आणि प्रेक्षकांपर्यंत काही पोचलेच नसेल, तर ते फार तर अरसिक. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने प्रतिभा दोन प्रकारची सांगितली आहे: कारयित्री आणि भावयित्री. पहिली रचणाऱ्याची, दुसरी आस्वाद घेणाऱ्याची. प्रेक्षकांत उणीव असलीच तर दुसरीची. शिवाय 'कल्पनाशून्य' या शब्दात सरळ शून्यच आहे. थोडीफार शिल्लक असेल, तर 'कल्पनादारिद्र्य' म्हणण्याची सोय भाषेने ठेवली आहेच. ('अकल्पित' मात्र इथे चालत नाही. त्याचा अर्थ ध्यानीमनी नसलेले. हा घोटाळा मी अनेकांच्या मजकुरात दुरुस्त केला आहे.)

खरी तक्रार पुढेच आहे. नायक कल्पनाशून्य आहे हे सांगताना परीक्षणकर्त्यांनी त्याला 'अगदी गद्य माणूस' म्हटले आहे. बोलण्यात आपण सगळेच असे म्हणतो. पण 'गद्' म्हणजे बोलणे, त्यावरून गद्य. त्यात कल्पनेला मज्जाव कुठे आहे? उलट 'गद्यं कवीनां निकषं वदन्ति' असे जुने वचन आहे. निकष म्हणजे कसोटीचा दगड. वृत्ताचा टेकू काढून घेतला की कवीचा कस लागतो, म्हणून गद्य ही त्याची कसोटी. आणि आपण मात्र ज्याला काही सुचत नाही, त्याला गद्य म्हणून मोकळे होतो.

आमचे यजमान स्वतःला अभिमानाने गद्य म्हणवतात. गच्चीवर पौर्णिमेचा चंद्र दाखवला, तर म्हणाले, "बरं झालं, बॅटरी नको." मी कपाळावर हात मारला. पण परवा माझ्या चष्म्याची दांडी निखळली, बारीकसा स्क्रू कुठे घरंगळला तो सापडेना, तेव्हा यांनीच त्या भोकातून टाचणी ओवली, जास्तीची पक्कडीने तोडली आणि टोक वळवून दाबले. दोन मिनिटांत दांडी जागेवर. कल्पनाविलास नसेल, पण ही कल्पकता नव्हे तर काय?

हे पत्र त्याच चष्म्यातून लिहिते आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक