मोडीतले कागद नर्मदेत सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या आजीने तिच्या सासऱ्यांच्या ट्रंकेतले सगळे मोडी लिपीतले जुने कागद लाल फडक्यात बांधून महेश्वरला नर्मदेत सोडले होते. घरात कोणालाच वाचता येत नव्हते आणि वाडवडिलांचं लिहिलेलं रद्दीत कसं द्यायचं, म्हणून. तिच्या मनाने ती बरोबरच होती. पण गेल्या वर्षी मी आमचं मूळ गाव शोधायला निघालो तेव्हा त्या गाठोड्याची किंमत कळली.

हाताशी दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे होळकरांच्या चाकरीतले आमचे पूर्वज, 1818 ला मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली तेव्हा इथे आले, अशी घरातली गोष्ट. आणि दुसरं, कोणत्याही लग्नानंतर जागरण-गोंधळाला आत्या नेमाने म्हणायची, "निमगावचा खंडोबा". जेजुरी सगळ्यांना माहीत, पण हे निमगाव कुठलं ते आमच्यात कोणी विचारलंच नाही. ते निघालं पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात दावडीजवळ, आणि होळकरांचं वाफगावही त्याच तालुक्यात.

मग त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या उपाध्यांकडे आडनाव आणि गावावरून वंशावळीच्या वह्या लावलेल्या असतात, आमचं आडनाव बऱ्याच गावांत आहे म्हणून आधी काही लागेना, मी निमगावचा खंडोबा म्हटलं तेव्हा त्यांनी आतून दुसरं बासन आणलं. शके 1853, म्हणजे 1931. पणजोबांचा मोडीतला लेख, भावांची मुलांची नावं, हल्ली मुक्काम इंदूर, आणि मूळ राहणार याच्यापुढे गावाचं नाव. गुरुजींनी वाचून दाखवलं. सहीखाली डावीकडे वळवलेली एक रेघ होती, अगदी तश्शीच रेघ माझे वडील बँकेच्या फॉर्मवर काढायचे. मला बराच वेळ बोलता आलं नाही.

मग त्या गावी गेलो. तिथे आता निम्म्या घरांना कुलपं आहेत. एकेकाळी आठवडे बाजार भरायचा, सोनार, कासार, साळी सगळे होते असं एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, मग पोरं आधी मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि नंतर चाकणच्या कंपन्यांत. मी आडनाव सांगितलं तर त्या मला वेशीच्या आतल्या एका दगडी जोत्यापाशी घेऊन गेल्या, वर बाभळी उगवलेल्या, कोपऱ्यात कांडून कांडून खोल झालेलं उखळ. म्हणाल्या, "ह्ये इंदूरवाल्यांचं जोतं, आमी आसंच म्हंतो." आम्ही दोनशे वर्षात ते गाव विसरून गेलो आणि गावाने आमचं नाव धरून ठेवलं होतं!

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत अजूनही असे कागद असतील, माळ्यावर, देवघराच्या खालच्या खणात. कृपा करून ते विसर्जन करू नका, निदान आधी मोबाईलवर प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. घरातल्या आत्या-काकूंना कुलदैवत कुठल्या गावचं तेही आजच विचारून लिहून ठेवा, नुसतं खंडोबा किंवा भवानी लिहून भागत नाही.

आणि आपल्याला एक विनंती, रविवारच्या अंकात एक छोटी चौकट द्या, त्यात आडनाव, कुलदैवत आणि माहीत असेल तर मूळ गाव एवढंच छापायचं, म्हणजे एकाच गावची घरं एकमेकांना सापडतील. आमची माहिती मी वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे, सुरुवात तिच्यापासून केली तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर